खिमा-भात आणि नालेदीचं डोकं

शनिवार, २५ जून

बाबा,

आधी गुरं कशी आहेत ते विचारते, मग विहिरीचं पाणी, मग तुम्ही. रीत हीच आहे, आणि गाबोरोनला विद्यापीठात चार वर्षं काढली म्हणून मी ती विसरलेली नाही. बोत्शेलो आत्या म्हणते की विसरले. तुमची बहीण आहे, तुम्हीच बघून घ्या.

हे पत्र रा फेकोच्या गाडीतून पेंडीच्या पोत्यांबरोबर येईल. बुधवारी आणि शनिवारी तो गुरांच्या तळावर येतोच. तिथे फोन लागत नाही हे तुम्हाला माहीत होतं आणि म्हणूनच तुम्ही तिथे जाऊन बसला आहात, हे आम्हालाही माहीत आहे. तुमचा चष्मा इथेच खुंटीवर राहिला. आई म्हणते, विसरलात. मला वाटतं, मुद्दाम ठेवून गेलात, म्हणजे माझं पत्र आलं तरी वाचता येऊ नये. चष्मा सोबत पाठवला आहे.

आता बुधवारबद्दल. सगळे नातेवाईक अंगणात बसले होते. तुम्ही उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "आमच्या घरात आजवर कुणी पदवी घेतली नव्हती. माझ्या मुलीने घेतली. सोळा जुलैला गावजेवण होईल, आणि नालेदी कापला जाईल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मी उठले. म्हणाले, बैल कापायची काही गरज नाही. मी एकाच भांड्यात खिमा, भाज्या आणि तांदूळ शिजवीन. सोपं आहे, पौष्टिक आहे, आणि बायकांना दोन दिवस चुलीशी राबावं लागणार नाही.

इथवर माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. फक्त आहाराचा तक्ता आणायला नको होता. आणि तो धरून उभं राहायला तिरो मामाला सांगायला नको होतं. मी प्रथिनांपर्यंत पोचले तेव्हा तुम्ही आपलं ब्लँकेट उचललंत. मला वाटलं, पाणी प्यायला निघालात. जीवनसत्त्वं संपली तेव्हा आई म्हणाली, "बाई गं, तुझे बाबा रा फेकोच्या गाडीत बसून गेलेसुद्धा."

गावात काय बोलतात ते लपवत नाही. म्हणतात, मोदिसेच्या पोरीने बापाचा बैल नाकारला आणि दुकानातलं दळलेलं मांस मागितलं, जसं काही बापाच्या तळावर शेणसुद्धा पडत नाही. बाबा, असं मी म्हटलं नव्हतं. मी फक्त पौष्टिक म्हटलं होतं.

आमंत्रणं गेली आहेत. दीडशे माणसं येतील. मुलीच्या मानाचं जेवण असलं की बाप समोर बसून पहिला घास घेतो, त्याआधी आपल्याकडे कुणी ताटाला हात लावत नाही. तुम्ही नसलात तर दीडशे माणसं मांडीवर ताटं घेऊन भात गार होताना बघत बसतील. म्हणून या. रागावलेले असलात तर रागावलेले या.

तुमची,
ओनालेन्ना


बुधवार, २९ जून

बाबा,

तुमचा निरोप मिळाला. रा फेकोने गाडी आपल्या फाटकाशी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मोदिसे म्हणतो, मीठ संपलंय."

मी विचारलं, "आणखी काही म्हणाले का?"

"चष्मा लावला, पत्र वाचलं, चष्मा काढला. मग म्हणाला, मीठ संपलंय."

मीठ पाठवलं आहे.

मी पहिला प्रयोग केला. चार माणसांपुरता. कृती लिहून पाठवते, म्हणजे तुम्हाला कळेल की यात आपल्या घराची अब्रू जाण्यासारखं काहीच नाही. कांदा तेलात परतायचा. त्यात बैलाचा खिमा घालायचा, आणि तो लाकडी डावाने मोडत मोडत, पाणी आटून तपकिरी होईपर्यंत परतायचा. मग करी पावडर, टोमॅटो, गाजराचे बारीक तुकडे, कोबी, वाटाणा. मग धुतलेले तांदूळ, तांदळाच्या दुप्पट पाणी, मीठ. झाकण. वीस मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. बस्स. एक चूल, एक भांडं, एक बाई.

प्रयोग चांगला झाला.

पूर्ण खरं सांगायचं तर मी खिमा मोडायला विसरले, कारण त्या वेळी मी आत्याला लोह का लागतं ते समजावत होते. त्यामुळे भांड्याच्या तळाशी खिम्याची एकच वीट तयार झाली. आईने ती उलथन्याने उचलून पाहिली आणि म्हणाली, "ही दाराला लावायला बरी आहे, वाऱ्याने आपटतं." मांजराने खाल्ली. मांजराला आवडली.

आत्याने भात खाल्ला. म्हणाली, "दात नसलेल्यांसाठी चांगलंय. माझे आहेत."

मी तिला म्हटलं, आत्या, आपले पुरुष लग्नाकार्यात मांस उकळून लाकडाच्या दांड्याने कुटतात, त्याचे दोरे दोरे करतात, ते सगळे मिटक्या मारत खातात. मग खिम्याने काय पाप केलं?

ती म्हणाली, "ते आमच्या डोळ्यांसमोर कुटतात. हे कुटूनच येतं. कुणी कुटलं, कधी कुटलं, काय कुटलं? अनोळखी माणसाने चावून दिलेला घास आहे तो."

मी तक्ता गुंडाळून ठेवला.

आई विचारते, तुम्ही येणार का. मला विचारायला सांगते आणि मग स्वतः म्हणते, मी विचारलं असं लिहू नकोस.

ओनालेन्ना


बुधवार, ६ जुलै

बाबा,

शनिवारचा निरोप मिळाला. टॉर्चचे सेल पाठवले आहेत.

काल तिरो मामा आला होता. खुर्ची सावलीत सरकवून बसला, गुरांचं विचारलं, पाण्याचं विचारलं, तुमचं मुद्दाम विचारलं नाही. मग म्हणाला, "भाची, डोकं कुठंय?"

"कुणाचं डोकं, मामा?"

"माझं."

मी त्याच्या डोक्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढून ते दाखवलं. म्हणाला, "हे नव्हे. भाचीच्या मानाचं जनावर कापलं की डोकं मामाचं. मागचा भाग आत्याचा. छाती चावडीवरच्या म्हाताऱ्यांची. तुझ्या आजोबांच्या आजोबांपासून असंच आहे. आता तू मला सांग, तुझ्या त्या खिम्यात माझं डोकं कुठंय?"

"मामा, खिम्याला डोकं नसतं."

"मी वेगळं काय म्हणतोय? तू मला ताट देशील. त्यात मी काय शोधू? वाटाणा?"

बाबा, मी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला. मला वाटलं, हा तर व्यवस्थेचा प्रश्न आहे. मी तशीच खाटकाकडे गेले आणि विचारलं, एका जनावराचे भाग वेगवेगळे दळून वेगवेगळ्या डब्यांत देता येतील का? डब्यांवर मी नावं लिहीन. एक डबा मामा, एक डबा आत्या, एक डबा चावडी. मग प्रत्येकाचा भात त्याच्या त्याच्या खिम्याचा शिजवायचा.

खाटकाने सुरी खाली ठेवली. म्हणाला, "पोरी, तुझे बाबा तळावर का गेले ते मला आत्ता कळलं."

मामाला मी ही योजना सांगितली. तो रागावला नाही. म्हणाला, "हे बघ, मला ते डोकं खायचंच असतं असं नाही. अर्धं तर तुझी मामी शेजारी वाटून टाकते. पण मला ते खांद्यावर घालून आळीतून घरी न्यायचं असतं. वाटेत लोक विचारतात, 'तिरो, काय रे हे?' मी सांगतो, 'माझ्या भाचीचं.' डब्यात झाकून नेलं तर कोण विचारणार आहे? लोकांना वाटेल, उरलंसुरलं घेऊन चाललाय."

चार वर्षं मी आहारशास्त्र शिकले, बाबा. मांस कशाकशासाठी लागतं ते मला तोंडपाठ आहे. ते रस्त्याने घेऊन जायलाही लागतं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

तरीही माझं मत बदललेलं नाही. फक्त ते आता पूर्वीइतकं सरळ उभं राहत नाही.

सोळा तारखेला दहा दिवस आहेत.

ओनालेन्ना


शनिवार, ९ जुलै

बाबा,

या वेळी तुम्ही काहीच मागवलं नाहीत. रा फेको म्हणाला, तुम्ही गुरांना पाणी दाखवायला गेला होतात. मी विचारलं, पत्र दिलंत ना? तो म्हणाला, दगडाखाली ठेवलं. मग म्हणाला, "मी वळून पाहिलं तर दगड बाजूला होता." एवढ्यावर मी दोन दिवस काढले.

काल मोठ्या भांड्यातला प्रयोग झाला. तुमचंच ते तीनपायी बिडाचं भांडं, सगळ्यांत मोठं. मी चार माणसांच्या कृतीला आकड्याने गुणलं. तांदूळ गुणले, खिमा गुणला, पाणी गुणलं. कागदावर सगळं बरोबर आलं. पण मोठ्या भांड्यातलं पाणी छोट्या भांड्यातल्या पाण्यासारखं आटत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे आईने सांगितलं होतं. मी तिला कागद दाखवला होता.

जे झालं ते डावाने ओतता येत होतं. आई म्हणाली, "भात कसा मोकळा हवा, दाणा दाण्याला ओळखत नसला पाहिजे. यात सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलेत." मग डाव बुडवून वर काढला आणि म्हणाली, "एवढं चिकट करायचं होतं तर आपलं ज्वारीचं पीठ काय वाईट होतं?"

पण खरी अडचण ती नाही. मदतीला मी आळीतल्या बायकांना आणि चावडीवरच्या पुरुषांना दोघांनाही बोलावलं होतं. सगळे आले. भांड्याभोवती गोल उभे राहिले. कुणीच डाव उचलेना.

मी म्हटलं, "करा ना सुरुवात."

चावडीवरचे एक आजोबा म्हणाले, "भात आहे ना त्यात? भात बायकांचं काम."

बायकांतून आत्या म्हणाली, "मांस आहे ना त्यात? गावजेवणाचं मांस पुरुष शिजवतात. आजवर मी त्या भांड्याला हात लावला नाही, आता पांढऱ्या केसांनी लावू?"

आजोबा म्हणाले, "मग मांस बाहेर काढा, आम्ही शिजवतो."

आत्या म्हणाली, "खिमा आहे तो. एकेक दाणा वेचून काढताय का? बसा मग, संध्याकाळपर्यंत होईल."

बाबा, या जगात खिमा-भाताइतकं सोपं जेवण नाही, आणि आपल्या गावात ते शिजवू शकेल असा एकही माणूस नाही. पुरुषांच्या चुलीवर ते बायकी आहे आणि बायकांच्या चुलीवर पुरुषी. ते भांडं मग आपल्या आणि शेजाऱ्यांच्या अंगणाच्या मधोमध, कुणाच्याच नसलेल्या जागेत ठेवलं, आणि मी एकटीने ढवळलं. ढवळताना माझ्या लक्षात आलं की मी बायकांचे श्रम वाचवायला निघाले होते आणि तीस बाया दुपारभर हातावर हात ठेवून उभ्या आहेत. एका अर्थी वाचलेच.

जाताना प्रत्येक जण एकच विचारून गेला. "मोदिसे येतोय ना?" मी म्हटलं, येताहेत.

हे खोटं आहे. ते खरं करणं तुमच्या हातात आहे.

ओनालेन्ना


बुधवार, १३ जुलै

बाबा,

शनिवारी परत येताना रा फेकोने निरोप आणला. "मोदिसे म्हणतो, नालेदीच्या पायाला लावायचं मलम पाठव. ते निळ्या डबीतलं."

मी डबी शोधायला गेले आणि फडताळासमोरच थांबले. बाबा, ज्या बैलाला शनिवारी कापायचं, त्याच्या पायाला आदल्या आठवड्यात कुणी मलम लावतं का?

म्हणून आता मी जे लिहिणार नव्हते ते लिहिते.

बायकांचे श्रम, प्रथिनं, सोपेपणा, हे सगळं खरं आहे आणि मी ते चावडीवर पुन्हा म्हणेन. पण त्या बुधवारी मी उठून उभी राहिले ती त्यासाठी नाही. तक्ता आधीपासून केलेला होता, तो एका शाळेसाठी होता. मी तो आतून ओढून आणला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

नालेदीची आई मेली तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही ते वासरू खांद्यावर घालून घरी आणलंत, आणि चुलीच्या झोपडीत आम्ही त्याला बाटलीने दूध पाजलं. तुम्ही तोंड धरायचात, मी बाटली. कपाळावर तो पांढरा ठिपका होता म्हणून नाव तारा ठेवलं, नालेदी. पण त्यासाठीही नाही. बैल तर आपण कापतोच, मी खातेही.

गेल्या वर्षी हिवाळ्याच्या सुट्टीत मी तळावर आले होते, आठवतं? दुपारी तुम्ही त्याला पाण्याच्या हौदावर नेलंत. मी कुंपणाच्या काट्यांमागे लाकडं गोळा करत होते. तुम्ही त्याच्याशी बोलत होतात. म्हणत होतात, "ती पुढच्या वर्षी शेवटची परीक्षा देणार. हुशार आहे. बोलते फार, पण हुशार आहे. आपल्यात असं कुणी झालं नव्हतं रे." तो पाणी पीत होता. तुम्ही म्हणालात, "ऐकतोयस ना?"

मला हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. निकाल लागला तेव्हा तुम्ही म्हणालात, "बरं झालं," आणि फाटकाची तार घट्ट करायला गेलात.

बाबा, तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतं ते तुम्ही त्याला सांगता. तुम्ही त्यालाच कापलंत तर मला माझ्याबद्दल कुठून कळणार?

हे सगळ्या नातेवाइकांसमोर कसं बोलायचं? म्हणून प्रथिनं.

मलम पाठवलं आहे. सकाळ-संध्याकाळ लावा, आणि त्याला चाटू देऊ नका.

ओनालेन्ना


शनिवार, २३ जुलै

बाबा,

गुरं कशी आहेत, पाणी कसं आहे, तुम्ही कसे आहात. नालेदी कसा आहे हे वेगळं विचारते, कारण आता तो एकट्या तुमचा नाही.

निघताना तुम्ही म्हणालात, "सगळं लिहून काढ, साक्षीदारांसकट, नाहीतर तिरो दोन महिन्यांत विसरेल. एक प्रत चावडीवर दे, एक मला." ही तुमची प्रत. पत्र्याच्या डब्यात ठेवा, वाळवी लागते.

आधी, तुम्ही नव्हतात तेव्हाचं. तेरा तारखेच्या बुधवारी रा फेको परत आला तेव्हा त्याने पहिल्यांदाच इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. मी घाबरले. तो म्हणाला, "पत्र वाचलं. चष्मा काढला. मग काहीच मागितलं नाही." आई आत जाऊन बसली. गुरुवार, शुक्रवार आम्ही फक्त गाजरं चिरली. दीडशे माणसांची गाजरं फार असतात, बाबा. आत्या चिरायला आली. म्हणाली, "गाजर बायकांचंच आहे, गाजराला माझी हरकत नाही."

शनिवारी सकाळी भांडं त्या मधल्या जागेत चुलीवर ठेवलेलं, पुरुष एका बाजूला, बाया दुसऱ्या बाजूला, आणि मी मध्ये एकटी डाव घेऊन. खिमा तापायला लागला होता. तेवढ्यात वेशीकडून कुणी तरी ओरडलं, "मोदिसे आला! आणि चालत आला!"

तुम्हाला समोरून आम्ही दिसत होतो, तुम्ही आम्हाला कसे दिसलात ते तुम्हाला माहीत नाही. धुळीने गुडघ्यापर्यंत पांढरे, खांद्यावर ते ब्लँकेट, आणि मागे दोरीला नालेदी, दोन दिवस हळूहळू चालून आलेला, पायाला निळं मलम. मला वाटलं, माझ्या पत्राचा काही उपयोग झाला नाही. तिरो मामाने खिशातून सुरीला धार लावायचा दगड काढला.

तुम्ही नालेदीला आपल्या बाभळीला बांधलंत. भांड्याशी आलात, वाकून बघितलंत आणि म्हणालात, "हे एकाच जागी बसलंय. मोडत का नाही कुणी?"

चावडीवरचे आजोबा म्हणाले, "भात जाणार आहे त्यात."

"भात अजून गेलेला नाही," तुम्ही म्हणालात, आणि कोट काढून आईकडे दिलात.

"गेल्यावर?"

"गेल्यावर माझी मुलगी ढवळेल. मांस माझं, भात तिचा. भांडं दोघांचं."

मग तुम्ही दुसरा डाव घेतलात. बाबा, आपण दोघं एकाच वेळी ढवळत होतो तेव्हा तुम्ही उजवीकडून ढवळत होतात आणि मी डावीकडून, आणि डाव दर फेरीला एकमेकांवर आपटत होते. हे बघून पुरुषांना राहवेना. एक जण म्हणाला, "मोदिसे, तळापासून काढ." तशी बाया म्हणाल्या, "तांदळाला इतकं डिवचू नका." पाच मिनिटांत भांड्याभोवती इतकी गर्दी झाली की मला डाव मिळेना. पाणी किती घालायचं ते आईने ठरवलं, बोटाच्या पेराने. मी कागद दाखवला नाही. मीठ मी घातलं. तुम्हीही घातलंत, हे मला नंतर कळलं.

झाकण ठेवलं आणि तिरो मामा पुढे आला. आता नोंद. शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण आत्याने वाचून घेतले आहेत.

मामा म्हणाला, "मोदिसे, भात होईल तोवर बैलाचं उरकून घेऊ. माझं डोकं कुठंय?"

तुम्ही म्हणालात, "ते काय, झाडाखाली. घे. डोकं तुझं, कुणी नाही म्हटलंय?"

मामा सुरी घेऊन निघाला. तुम्ही म्हणालात, "सुरी कशाला? डोकं आजपासून तुझं. पण ते बाकीच्या बैलाला जोडलेलं आहे आणि तसंच राहील. तोंड डोक्यात आहे. कोरड्या दिवसांत त्या तोंडाला जे लागेल ते तू घालायचं. दर महिन्याला एक पोतं पेंड."

मामा म्हणाला, "मी डोकं मागितलं होतं. पोट नव्हतं मागितलं. चारा पोटात जातो!"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. सगळ्या गावासमोर म्हणालात, "ओनालेन्ना, तू यातली शिकलेली आहेस. सांग. खाणं कुठे सुरू होतं?"

मी म्हणाले, "पचनाची सुरुवात तोंडात होते. लाळेपासून."

"ऐकलंस?" तुम्ही म्हणालात. "विद्यापीठ म्हणतंय."

बाबा, माझ्या पदवीला मिळालेलं ते पहिलं काम.

मागचा भाग आत्याचा ठरला. तिने लगेच विचारलं, "त्यातून जे पडतं ते?" तुम्ही म्हणालात, "सगळं तुझं." आत्याला अंगण सारवायला शेण कधी पुरत नाही, ती इतकी खूश झाली की तिने भाताबद्दलचे शब्द मागे घेतले. (दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे आणले.) छाती चावडीची. चावडीवरच्या आजोबांनी विचारलं, छातीच्या आत जे हृदय आहे ते पण आमचंच ना? तुम्ही म्हणालात, "तुमचंच. पण ते सध्या वापरात आहे."

मामा झाडाखाली गेला, नालेदीची दोरी सोडली आणि त्याला डोक्याला धरून आळीतून चालवत नेऊन परत आणलं. दर फाटकाशी थांबत होता. लोक विचारत होते, "तिरो, काय रे हे?" तो सांगत होता, "माझ्या भाचीचं डोकं. बघा केवढंय." तुम्ही भात वाढत होतात, तुम्हाला दिसलं नसेल. त्याने तीन फेऱ्या मारल्या. कापलेलं डोकं एकदाच नेता येतं, हे त्याच्या लक्षात आलंय. तो आता दर सणाला नेणार म्हणतो. पेंडीचं पहिलं पोतं याच गाडीत आहे. कबूल करताना तो म्हणाला, "फक्त तोंडापुरतं देतोय, मोदिसेला सांग."

साक्षीदार: चावडीवरचे सर्व, बोत्शेलो आत्या, रा फेको. अंगठे आणि सह्या मागच्या पानावर.

तुम्ही पहिला घास घेतलात तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही चावलंत, गिळलंत, आणि म्हणालात, "जेवा." एवढंच. दीडशे माणसं जेवली. भांडं खरवडायला दोघी जणींत भांडण झालं. पाण्याच्या कळशा मात्र चार वेळा भरून आणाव्या लागल्या, आणि कुणीही कारण बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नालेदीला घेऊन निघालात. मला म्हणालात, "बरं झालं." मी फाटकाशी उभी राहिले. मग मला आठवलं की तुमची काठी राहिली, म्हणून मी काठी घेऊन मागे धावले. वळणावरच्या काटेरी कुंपणापाशी पोचले तेव्हा तुम्ही त्याच्याशी बोलत होतात, म्हणून थांबले.

तुम्ही त्याला म्हणत होतात, "खारट झालं होतं. अर्धं मीठ माझं. पण भात, तुला सांगतो, मोकळा झाला होता. दाणा दाण्याला ओळखत नव्हता." मग थोडं चालून गेल्यावर म्हणालात, "आणि लाळेचं काय म्हणाली, ऐकलंस ना?"

काठी मी कुंपणाला टेकवून ठेवली. तुम्हाला ती वाटेत मिळाली असं तुम्ही रा फेकोला सांगितलंत.

एकच मागणं आहे, बाबा. यापुढे त्याला माझ्याबद्दल काही सांगायचं असेल तर जरा मोठ्याने सांगा. कुंपण दाट आहे, आणि शेवटची वाक्यं नीट ऐकू येत नाहीत.

मीठ या वेळी पाठवत नाही. आपल्या दोघांकडेही पुरेसं आहे.

तुमची,
ओनालेन्ना